उतारवयांतील वेषभूषा

वय झालें म्हणजे स्त्रीनें नटूं नये, असा एक अलिखित दंडक आपल्या सुशिक्षित घरांतूनहि अद्याप चालू आहे. सूनबाईंसाठीं जरीकांठी साडी आणतांना सासूबाईंसाठीं राखी अगर फिक्कट बदामी साडी आपोआप निवडली जाते. त्यांना विचारावें असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. "आतां ह्या वयांत मला काय करायचें आहे?" असें त्याहि म्हणतात खऱ्या, पण तें उत्तर त्यांचें स्वतःचें किती आणि घरानें पढविलेलें किती, ह्याचा विचार आमच्या वाचकभगिनींनीं, व बंधूंनींहि, एकदां करावा.

केसांची गोष्ट घ्या. केसांच्या मुळांशीं रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचें काम थांबलें म्हणजे केस पांढरे येऊं लागतात; तेल बदलल्यानें तें काम पुन्हां सुरू होत नाहीं. जाहिरातींत तसें आश्वासन मिळतें, तें वाचून करमणूक तेवढी करून घ्यावी. ज्यांना पांढरे केस आवडतात त्यांना कोणी टोचूं नये, आणि ज्या कलप लावतात त्यांची टिंगलहि करूं नये. मात्र बहुतेक काळ्या कलपांत पॅराफिनाइलीनडायअमीन नांवाचें द्रव्य असतें व तें कित्येकींना बाधतें. टाळूस खाज सुटते, पापण्या सुजतात. वर्षानुवर्षें निर्वेध लावलेला कलपहि एखादे दिवशीं बाधूं शकतो. म्हणून दर खेपेस कानामागें थेंबभर लावून ४८ तास वाट पाहावी. निव्वळ मेंदीचा रंग तांबूसच येतो. "काळी मेंदी" म्हणून जी विकली जाते तिच्यांत पुष्कळदां हेंच द्रव्य मिसळलेलें असतें.

टिकलीचेंहि तसेंच. तिच्या डिंकांतील पॅरा-टर्शरी ब्युटिल फिनॉल ह्या रसायनानें कित्येकींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. आपल्या आज्या मेण लावून त्यावर हळदीचें कुंकू रेखीत. तो खटाटोप वाटला तरी त्यांत ही भीति नव्हती.

नऊवारींतून पांचवारींत येतांना १९३० नंतरच्या काळांत शहरी घरांतून पुष्कळ कुरकुर झाली. आज सत्तरीच्या आजीबाई सलवार-कुडता घालतात आणि नाती लग्नांत शिवलेली नऊवारी नेसून मिरवितात! ऋतुनिवृत्तीनंतर हाडें ठिसूळ होऊं लागतात. निऱ्यांचा घोळ पायांत अडकून पडण्यापेक्षां कुडता बरा, हें ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना सांगावें लागत नाहीं.

सर्वांत नाजूक प्रश्न वैधव्याचा. केशवपन व लाल आलवण गेलीं. पण हिरवी साडी, हळदीकुंकवाचें बोलावणें आणि कपाळावरील कुंकू हीं अद्याप पुष्कळ घरांत पतीबरोबरच जातात. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवानें मे २०२२ मध्यें ठराव करून कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें ह्या चाली बंद केल्या. त्याच महिन्यांत राज्य सरकारनें इतर ग्रामपंचायतींनींहि तो कित्ता गिरवावा असें परिपत्रक काढलें. एका खेड्याला जें सुचलें तें आपल्या पदवीधर घरांना सुचण्यास इतका विलंब कां लागावा? कुंकवाची सक्ती करावी असें आमचें म्हणणें नाहीं; कित्येकींना तें नकोसें वाटतें, आणि त्यांचें मन त्यांनाच ठाऊक. पण नातवाच्या मुंजींत त्यांनीं फिक्की साडी नेसून मागच्या रांगेंत बसावें, हें घरांतील कर्त्या मंडळींनीं ठरवूं नये.

जातां जातां एक व्यवहाराची गोष्ट. कपाटांतील पैठणी वर्षानुवर्षें एकाच घडीवर राहिली म्हणजे त्या घडीवरच चिरते. "ती सुनेसाठीं ठेवली आहे" असें म्हणणाऱ्या सासूबाईंना येत्या दिवाळींत ती नेसण्याचा आग्रह करून पाहावा. निदान घडी तरी मोडेल.