भजन झालं, आता फॉर्म भरा

नागपुरात ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या संस्थांचा आढावा लिहा, असं संपादकांनी सांगितलं आहे. अशा लेखात सगळ्यांची नावं यावीत आणि कोणी रुसू नये, अशी अपेक्षा असते. ती माझ्या हातून पुरी होणार नाही, हे त्यांनाही ठाऊक असावं. मी वर्षानुवर्षं एकच तुणतुणं वाजवत आलो आहे. म्हाताऱ्या माणसाच्या हातात आधी नियमित पैसा पडू द्या, त्याच्या स्वतःच्या नावावर. आणि त्याला उचलणारी, धुणारी, भरवणारी जी बाई घरात आहे, तिचाही हिशेब त्याच वहीत मांडा. सहली, सत्कार, भजन हे सगळं त्यानंतर.

या बाबतीत नागपूरनं फार लवकर सुरुवात केली होती. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि १८८६ मध्ये तिथल्या कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला. देशात भविष्य निर्वाह निधीचा कायदा यायला १९५२ उजाडलं. म्हणजे दिल्लीला जे सुचायला ६६ वर्षं लागली, ते शुक्रवारी तलावाजवळ आधीच घडून गेलं होतं. १९८६ मध्ये मिल सरकारी महामंडळाकडे गेली, २००२ मध्ये बंद पडली, आता त्या जागेवर मॉल उभा आहे. नव्या पिढीला एम्प्रेस म्हटलं की सिनेमाची तिकिटं आठवतात.

अशा गिरण्या-कारखान्यांतून बाहेर पडलेली माणसं १९९५ च्या पेन्शन योजनेवर आहेत. सूत्र साधं आहे: मर्यादेतला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पगाराची मर्यादा आधी ५,०००, मग ६,५००, आणि २०१४ पासून १५,०००. आजच्या मर्यादेनं ३५ वर्षं भरली तरी हिशेब साडेसात हजारांवर थांबतो, आणि त्याला महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून एक हजार रुपये. राज्यसभेच्या याचिका समितीनं २०१३ मध्येच तीन हजारांची शिफारस केली होती. समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी पुढे आपले राज्यपाल झाले. शिफारस आहे तिथंच राहिली. हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमच्या बाजूला डोक्यावर टोपी, हातात फलक घेऊन बसलेली सत्तरीची माणसं तुम्ही पाहिली असतील. प्रश्न दिल्लीचा, मंडप नागपूरचा. पण मंडप टाकणाऱ्या पेन्शनर संघटनांना मी या आढाव्यात पहिला मान देतो. त्या भीक मागत नाहीत. आपल्याच पगारातून कापलेल्या पैशांचा हिशेब मागतात.

वृद्धाश्रमांवर पानं भरता येतील, मी भरणार नाही. मातृसेवा संघाचा उल्लेख मात्र हवाच. कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी १९२१ मध्ये प्रसूतिगृहानं सुरू केलेलं हे काम पुढे पंचवटी वृद्धाश्रमापर्यंत पोचलं. जन्मापासून म्हातारपणापर्यंतचा असा पल्ला गाठणाऱ्या संस्था थोड्याच. विरंगुळा केंद्रं गल्लोगल्ली आहेत. तिथं पत्ते आहेत, वर्तमानपत्रं आहेत, वाढदिवसाला केक आहे. चांगलं आहे. पुढं जाऊ.

आता माझ्या आवडीचा विषय. आमच्या मंडळानं एका मंदिराच्या सभामंडपात शनिवारी दुपारी एक टेबल लावायला सुरुवात केली. टेबलावर कोरे फॉर्म, स्टँपपॅड, डिंक, आणि मागं दोन-तीन निवृत्त कारकून. नागपूरला अशा माणसांची कधी ददात नव्हती. एजी ऑफिस, रेल्वे, पोस्ट, बँका. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायली तपासलेली ही मंडळी. अर्जात कोणत्या रकान्याला साहेब अडवणार, हे त्यांना वासानं कळायचं.

त्या टेबलावर जे शिकायला मिळालं ते कुठल्या परिसंवादात मिळालं नाही. आधारवर गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म १ जानेवारीचा. पासबुकावर 'सुमनबाई', रेशनकार्डावर 'सुमन', आधारवर माहेरचं नाव. बाई एक, कागदावर तिघी. जन्मभर विड्या वळलेल्या, धुणी धुतलेल्या हातांचे ठसे यंत्र घेईना. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आलेली एक आजी टेबलावर हात आपटून म्हणाली होती, "मी जित्ती तुमच्यासमोर उभी हाओ, मंग कागद कायले पायजे?" या प्रश्नाला आमच्यातल्या एकाही माजी अधिकाऱ्याकडे उत्तर नव्हतं. फॉर्म मात्र भरला.

सर्वांत जास्त गर्दी श्रावणबाळ पेन्शन योजनेची. वय ६५ झालेलं हवं. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत हवं, म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्यात नागपुरात कोण जगतं, हे तहसीलदारांनाही माहीत आहे आणि दाखला देणाऱ्यालाही. रक्कम २०२३ मध्ये दीड हजार झाली. दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी केंद्र जो वाटा देतं, तो ८० वर्षांखालच्यांना २०० रुपये. कित्येक वर्षांत त्याला कोणी हात लावलेला नाही. आता दुसरी गंमत बघा. लाडक्या बहिणीला २०२४ पासून दीडच हजार मिळतात, पण तिथली उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आणि वयाची मर्यादा ६५. म्हणजे ६५ पार केलं की तीच बाई लाडकी राहत नाही, आणि श्रावणबाळाच्या दारात जावं तर एकवीस हजारांची अट आडवी. सरकार एकच, रक्कम एकच, बाईही तीच. अशी फट दाखवून देणं हे संस्थांचं काम आहे. किती संस्थांनी दाखवली?

'पैशाचं बोलायला लागलं की नात्यातला ओलावा आटतो,' असं आमचे काही विद्वान मित्र व्याख्यानांत सांगतात. नावं घेत नाही; दिवाळी अंक तेही वाचतात. पहाटे तीनला सासऱ्यांची ओली गादी बदलणाऱ्या सुनेला त्यांनी हे एकदा सांगून पाहावं. केंद्र सरकारी नोकरीतल्या बाईला मुलांच्या संगोपनासाठी ७३० दिवसांची रजा आहे. अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी वेगळी रजा नाही; आपल्याच शिल्लक रजेतून काढायची. मग लेक नोकरी सोडते, तिचा प्रॉव्हिडंट फंड थांबतो, आणि वीस वर्षांनी ती आमच्या टेबलापुढं येऊन बसते. एका म्हातारपणाची सेवा दुसरं निराधार म्हातारपण तयार करते. मघाशी म्हटलं ती एकच वही, ती यासाठी.

केरळात 'आश्वासकिरणम्' नावाची योजना आहे. अंथरुणावरच्या रुग्णाची घरी पूर्णवेळ काळजी घेणाऱ्याला महिना ६०० रुपये. रक्कम हास्यास्पद आहे, पण सरकारनं त्या बाईचं नाव आपल्या रजिस्टरात लिहिलं. जर्मनीनं १९९५ मध्ये शुश्रूषा विमा आणला आणि घरच्या माणसालाही त्यातून पैसे मिळण्याची सोय ठेवली. जपाननं २००० मध्ये विमा आणला, पण रोख रक्कम नाकारली. पैसे दिले तर सून त्या खाटेलाच बांधली जाईल, असं तिथल्या बायकांच्या चळवळींचं म्हणणं होतं. हा आक्षेप मला आमच्या विद्वानांच्या ओलाव्यापेक्षा फार मोलाचा वाटतो. पण जपाननं रोख नाकारताना दारात मदतनीस पाठवला. आपण रोखही देत नाही आणि मदतनीसही.

महाराष्ट्रात या अंगानं जे झालं ते बरंचसं पुण्याकडं. तिथल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाइतकंच त्याच्या शुभंकराचं, म्हणजे काळजी घेणाऱ्या माणसाचं, ऐकलं जातं. स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन १९९७ पासून कुटुंबीयांना हाताशी धरून काम करते. नागपुरात 'स्नेहांचल' आहे. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांचीही होणारी फरफट तिथल्या लोकांना कळते. यादी लांबवावी इतकी नावं माझ्याकडं नाहीत.

आणि ज्यांच्या घरी पैसा आहे ते बाई ठेवतात. ती येते तकिया, रामबाग अशा वस्त्यांतून. दुसऱ्याच्या आईला न्हाऊ घालते, आणि तिची स्वतःची आई खोलीत एकटी असते. तिच्या म्हातारपणाचा विचार या शहरात सर्वांत आधी केला तो रूपाताई कुलकर्णी यांच्या विदर्भ मोलकरीण संघटनेनं, १९८० मध्ये. संस्कृतच्या प्राध्यापिकेनं भांडीवाल्या बायकांचा मोर्चा काढावा, याचं तेव्हा धरमपेठेत केवढं हसं झालं होतं! घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. त्यातून पुढे नोंदणी असलेल्या कामगाराला वयाच्या ५५ व्या वर्षी एकदाच १०,००० रुपयांचं सन्मानधन ठरलं. अटल पेन्शन काय किंवा २०१९ ची श्रमयोगी मानधन योजना काय, दोन्हींत शिरायचं तर चाळिशीच्या आत. चाळिशी उलटलेल्या मोलकरणीनं काय करावं, हे कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यांत मी हा विषय काढला की मागच्या रांगेतून 'वेळ झाली' अशी चिठ्ठी येते.

ज्यांच्याकडं चार पैसे होते त्यांचंही नागपूरनं भलं केलं नाही. २००२ मध्ये जिल्हा बँकेचा रोखे घोटाळा, २०१३-१४ मध्ये श्री सूर्या आणि वासनकर या गुंतवणूक कंपन्यांवरचे गुन्हे. निवृत्तीचा फंड घालवलेली किती माणसं नुसती पावत्यांची पिशवी घेऊन फिरली! ज्येष्ठांच्या कार्यक्रमांत तेव्हाही योगासनंच चालू होती.

आता टेबल ओस पडत चाललं आहे. फॉर्म मोबाइलवर गेले. हयातीचा दाखला २०२१ पासून चेहरा दाखवून मिळतो; डोळे मिचकवा म्हटलं की मोतीबिंदूवाले आजोबा दोन्ही घट्ट मिटून घेतात आणि यंत्र रुसतं. जुने कारकून गेले, उरलेले अमेरिकेत नातवंडं सांभाळतात. कंपन्यांचा निधी मिळतो, पण त्यांना लाभार्थ्याचा फोटो हवा. काठी देताना फोटो येतो, नावातली वेलांटी दुरुस्त करताना येत नाही.

तेव्हा वाचकांना चार कामं सांगतो. आईबाबांच्या प्रत्येक खात्यावर वारसाचं नाव आहे का, ते याच सुटीत पाहा. घर मुलांच्या नावावर करायचंच असेल, तर बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट लिहा. तशी अट मोडली तर ज्येष्ठांसाठीच्या २००७ च्या कायद्याच्या २३ व्या कलमानं व्यवहार रद्द होऊ शकतो. निर्वाहाचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करता येतो, मर्यादा महिना १०,००० ची. आणि १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते, तो आकडा टेलिफोनजवळ लिहून ठेवा.

ज्यांना सरकारी फॉर्म न घाबरता भरता येतो आणि शनिवारची दुपार मोकळी आहे, अशा निवृत्तांची आम्हाला गरज आहे. मानधन नाही, चहा मिळतो.