दाणे थंड तेलात घाला!

परवा देवासला मावशीकडे सकाळचे पोहे खाल्ले. बडीशेपेचा वास, वर भरपूर शेव, आणि दाणे असे की प्रत्येक घासाला कुर्रकन आवाज! धारला माझ्या घरी तळलेले दाणे मात्र कायम वरून काळे, आतून मऊ.

मावशीने लगेच कढई चढवून दाखवलं.

ती दाणे थंड तेलात घालते, मग गॅस लावते. दाणे बुडतील इतकंच तेल, आच मंद ते मध्यम.

कारण सोपं आहे. कच्च्या दाण्यात थोडं पाणी असतं. कडकडीत तेलात साल लगेच करपतं आणि पाणी आतच राहतं. तेलासोबत दाणा हळूहळू तापला की ते पाणी बुडबुड्यांवाटे निघून जातं.

झारा सतत फिरवत राहा. साधारण ८-१० मिनिटांत बुडबुडे कमी होतात, सालं तडतडतात, खमंग वास सुटतो. एक दाणा फोडून पाहा. आत फिकट बदामी दिसला की लगेच काढा, कारण बाहेर आल्यावरही तो आतल्या उष्णतेने शिजत राहतो. माझी चूक नेमकी इथेच व्हायची. गरम दाणा मऊ लागला, की मी परत तळायचे! कुरकुरीतपणा निवल्यावरच येतो.

कागदावर पसरा, गरम असतानाच बारीक मीठ भुरभुरा. पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफ धरली की सादळतात.

काही अडलं तर बिनधास्त विचारा. आणि तुमच्याकडे दाणे साल काढून तळतात की सालासकट?