नाइट क्रीम की औषधाची ट्यूब?

"डॉक्टर, रात्री तोंडाला लावायला एखादे चांगले क्रीम लिहून द्या." लग्नसराई जवळ आली की ही मागणी माझ्या दवाखान्यात हमखास वाढते. मागणीत गैर काही नाही. पण "सध्या काय लावता?" असे विचारल्यावर पर्समधून जी ट्यूब बाहेर निघते, ती पाहून पुष्कळदा काळजी वाटते.

ते नाइट क्रीम नसतेच. ते असते बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन अशा स्टेरॉइडचे मलम. कधी त्यात हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही मिसळलेले असते. ही औषधे वाईट नाहीत. इसब, सोरायसिस, वांग यांवर आम्हीच ती ठरावीक दिवसांपुरती देतो. परंतु शेजारणीने सांगितले, वहिनींना गुण आला, म्हणून ती महिनोन् महिने चेहऱ्याला चोळली जातात. पहिले काही दिवस चेहरा खरोखरच उजळ दिसतो, हीच यातली मेख. पुढे त्वचा पातळ होते, गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या उठतात, हनुवटीवर लव वाढते. उन्हात किंवा गॅससमोर उभे राहिले की चेहऱ्याची आग होते. मलम बंद करावे, तर चेहरा लालबुंद; म्हणून बाई पुन्हा तेच लावते. मार्च २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमे 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. चिठ्ठी न दाखवता घेतलेल्या ट्यूब मी आजही पाहतो.

दुसरा प्रकार याहून घातक. ना कंपनीचा पत्ता, ना घटकद्रव्यांची यादी, अशा डबीतली गोरे करणारी क्रीम. अशा काही क्रीममध्ये पारा सापडला आहे. पारा त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडे बिघडवतो. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये असे रुग्ण आढळले. त्याच वर्षाच्या आरंभी आपल्या अकोल्यातील एका घरातील आई व दोन मुलींची बातमीही वृत्तपत्रांत आली होती. सौंदर्यप्रसाधनांत पारा घालण्यास कायद्याने बंदी आहे, पण बिननावाच्या डबीला कायदा कोण विचारतो?

मग खरे नाइट क्रीम काय करते? त्वचेतला ओलावा टिकवते, मुख्य काम एवढेच. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, पेट्रोलियम जेली ते उडू देत नाही. जाडसर क्रीम दिवसा घामाधुळीत नकोसे होते, म्हणून रात्री. कोरड्या त्वचेला असे जाड क्रीम चालते. तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्याला हलके लोशन किंवा जेल बरे. मुरुमे असतील तर खोबरेल तेल चेहऱ्याला नकोच. महागडे क्रीम जास्त गुणकारी असते असे मुळीच नाही. गोरेपणा तर कुठल्याच क्रीमने यायचा नाही.

सुरकुत्यांवर रेटिनॉलचा उपयोग होतो. उजेडात ते निकामी होते, म्हणून तेही रात्रीच लावायचे. आधी आठवड्यातून दोनच रात्री, वाटाण्याएवढे, डोळ्यांच्या पापण्या सोडून. गर्भवतींनी किंवा गर्भधारणेचा विचार असणाऱ्यांनी ते टाळावे. आणि सकाळी सनस्क्रीन हवेच, नाहीतर वांग हटता हटत नाही.

कोणतेही नवे क्रीम आधी आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला रोज लावून पाहावे. खाज, लाली नसेल तरच चेहऱ्याला. चेहरा साध्या पाण्याने धुऊन, किंचित ओलसर असतानाच हलक्या हाताने लावावे. खसाखसा चोळू नये. विकत घेताना मुदत, बॅच नंबर, उत्पादकाचा पत्ता आणि घटकद्रव्ये वाचावीत. ट्यूबवर उभी लाल रेघ किंवा 'आरएक्स' ही खूण असेल तर ते औषध आहे, प्रसाधन नव्हे. चिठ्ठी नसेल तर दुकानदाराला तिथेच परत द्यावे.

ज्या भगिनी महिनोन् महिने स्टेरॉइडची ट्यूब वापरत आहेत, त्यांनी एकदम बंद न करता ती ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. सवय हळूहळू सोडवता येते, मात्र चेहरा पूर्ववत व्हायला काही महिने लागतात. बिननावाच्या डबीचे उलट आहे: ती आजच बंद करावी. ती वापरून पायांवर सूज येत असेल किंवा लघवीला फार फेस येत असेल, तर लगेच लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घ्यावी. ही तपासणी आपल्या गावातल्या प्रयोगशाळेतही होते.