कृश देहाचा मधुमेह
(लेखांक सहावा)

मधुमेह हा स्थूल, सुखवस्तू आणि बैठ्या माणसाचा विकार होय ही समजूत आपल्याकडे इतकी दृढमूल झालेली आहे की, यवतमाळ-अमरावती रस्त्यावरील नेरसारख्या तालुक्याच्या गावी, कपाशीच्या आणि तुरीच्या वावरात उभा जन्म राबलेला, हाडापेरांत चरबीचा मागमूस नसलेला एखादा चाळिशीतला शेतकरी रक्ततपासणीचा कागद घेऊन घरी येतो, तेव्हा घरच्यांना त्या कागदावरील आकड्यापेक्षा त्याच्या देहयष्टीचेच अधिक नवल वाटते. ‘एवढं गोड तरी कधी खाल्लं?’ असे त्याला जो तो विचारतो, आणि ज्याच्या वाट्याला सणावारीही गोडधोड बेतानेच आले तो मनुष्य, जणू आपल्या हातून काही अपराध घडला असावा अशा मुद्रेने, गप्प राहतो. हा मनुष्य अपवाद नव्हे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील प्रौढांपैकी सुमारे ६.५ टक्के लोकांना मधुमेह असल्याचे आढळले होते, आणि ग्रामीण भागातील हे सर्व रुग्ण स्थूल असतील असे मानण्यास काहीही आधार नाही.

त्या शेतकऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर जेवणाच्या ताटात शोधण्यापूर्वी स्वादुपिंडात शोधावे लागते. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ साली स्वादुपिंडात पेशींचे जे विखुरलेले पुंजके पाहिले आणि ज्यांना पुढे त्याचेच नाव मिळाले, ती ‘बेटे’ प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे दहा लाख असतात. परंतु त्या सर्वांचे एकत्रित वजन स्वादुपिंडाच्या एकदोन टक्क्यांहून अधिक भरत नाही. या बेटांतील बीटा पेशी इन्सुलिन निर्माण करतात, आणि त्यांच्या कार्याची रीत विलक्षण नेटकी आहे. रक्तातील साखर पेशीत शिरते. तेथे ग्लुकोकायनेज नावाचे विकर तिच्या विघटनास आरंभ करते. त्यातून निर्माण झालेल्या ऊर्जेमुळे पेशीच्या पटलावरील पोटॅशियमची द्वारे मिटतात, पटलावरील विद्युद्भार बदलतो, कॅल्शियमची द्वारे उघडतात, आणि कॅल्शियम आत येताच इन्सुलिनच्या कणिका पटलाला भिडून आपला ऐवज रक्तात रिता करतात. पोटॅशियमच्या द्वाराचे हे रहस्य १९८४ साली ऑक्सफर्ड येथे फ्रान्सिस ॲशक्रॉफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडले. साखर थेट शिरेतून दिली असता हा स्राव दोन टप्प्यांत होतो: पहिल्या दहाएक मिनिटांत, आधीच सज्ज असलेल्या कणिकांचा जोरकस उमाळा, आणि त्यानंतर साखर चढलेली असेपर्यंत चालणारा संथ ओघ. मधुमेहाच्या वाटेवरील माणसात हा पहिला उमाळा फार लवकर लोपतो. उपाशीपोटीची साखर तोवर बहुधा निर्दोषच दिसत असते.

आता केवळ ‘या माणसाचे इन्सुलिन किती?’ असे विचारून भागत नाही. रक्तातील इन्सुलिन अत्यल्प प्रमाणात असूनही ते मोजण्याची रीत न्यूयॉर्क येथे सॉलोमन बर्सन आणि रोझालिन यालो यांनी १९६० च्या सुमारास सिद्ध केली, आणि तिच्या आधारे तपासणी होऊ लागताच असे आढळले की, कित्येक मधुमेही रुग्णांत इन्सुलिन कमी नसून उलट निरोगी माणसाहून अधिक असते. त्यांचे स्नायू आणि यकृत इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड अधिकाधिक पुरवठा करीत राहते. अर्थात स्वादुपिंडाचे खरे सामर्थ्य ठरवावयाचे, तर त्याने दिलेला पुरवठा शरीराच्या मागणीशी ताडून पाहिला पाहिजे. रिचर्ड बर्गमन यांनी १९८१ साली याकरिता एक गणिती माप पुढे आणले: इन्सुलिनचा स्राव आणि त्याविषयीची शरीराची संवेदनशीलता यांचा गुणाकार, ज्याला ‘डिस्पोझिशन इंडेक्स’ म्हणतात. संवेदनशीलता निम्मी झाली आणि स्राव दुप्पट झाला, तर गुणाकार कायम राहतो व साखरही बिघडत नाही. स्राव वाढू शकला नाही, तर गुणाकार घसरतो. सपाट रस्त्यावर दमदार बैल आणि आतून पोखरलेला बैल सारखेच चालतात, गाडी चढाला लागली म्हणजेच कोणाच्या अंगी काय उरले आहे ते कळते. बीटा पेशींच्या बाबतीत हा चढ म्हणजे वयात येणे, वजन वाढणे, गर्भारपण किंवा मोठे आजारपण होय.

या मापाचा उपयोग करून जगातील अत्यंत मोलाचे असे जे एक संशोधन झाले ते आपल्याच महाराष्ट्रात झाले, याची जाणीव मराठी वाचकांना असावी तितकी नाही, याचा मला मनापासून खेद वाटतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील संशोधकांच्या सहकार्याने १९९३ साली पुण्यानजीकच्या सहा खेड्यांत ‘पुणे माता-पोषण अभ्यास’ सुरू केला. मूल होण्याच्या वयाच्या विवाहित स्त्रियांची नोंद आधीच करून ठेवावयाची, त्यांना दिवस गेले म्हणजे त्यांचा आहार, श्रम, रक्त आणि गर्भाची वाढ यांची टिपणे घ्यावयाची, आणि जन्मलेल्या बालकांचा पाठपुरावा त्यांच्या तारुण्यापर्यंत करावयाचा, असा हा संकल्प होता. त्या मातांचे सरासरी वजन गर्भधारणेपूर्वी अवघे ४२ किलोच्या घरात होते, उंची सुमारे दीड मीटर, वय एकविशीच्या आसपास. आणि शेतीची कामे गर्भारपणातही सुटलेली नव्हती. बालकांचे सरासरी जन्मवजन २.७ किलो भरले, साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. परंतु ही तूट सर्व अवयवांत सारखी वाटली गेलेली नव्हती: स्नायू आणि उदरातील अवयव फार लहान राहिलेले, आणि चरबी मात्र त्या मानाने राखलेली. वजनाने कृश परंतु रचनेने मेदयुक्त असे हे भारतीय अर्भक या अभ्यासामुळे जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात प्रविष्ट झाले.

आणखी एक गोष्ट तेथे दिसली, जिचा विचार आपल्या स्वयंपाकघरात व्हावयास हवा. आईने किती उष्मांक घेतले यापेक्षा तिच्या ताटात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा आले, याचा बाळाच्या आकाराशी अधिक निकटचा संबंध आढळला. सुमारे दोनतृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती; आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, ज्यांच्या आईचे बी-१२ कमी व फोलेट जास्त होते, त्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष मात्र २०२१ साली बाहेर आला. ही मुले सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षी तपासली गेली होती, आणि गावकऱ्यांचा या संशोधकांवरील विश्वास असा की, इतक्या वर्षांनंतरही बहुसंख्य मुले तपासणीस हजर राहिली. अठराव्या वर्षी, साखरेचे पाणी पाजून घेतलेल्या तपासणीत, तरुणांपैकी ३७ टक्के आणि तरुणींपैकी १८ टक्के यांच्या शरीरात साखरेचा निचरा बिघडलेला आढळला; आणि लक्षात घ्यावे की, या तरुण-तरुणींपैकी जवळजवळ निम्मी, म्हणजे ४८ टक्के, प्रमाणाहून कमी वजनाची होती. त्यांचे जुने दप्तर उघडून पाहता असे दिसले की, ज्यांची साखर अठराव्या वर्षी बिघडली त्यांची साखर सहाव्या आणि बाराव्या वर्षीही इतरांहून किंचित चढी होती, आणि वर सांगितलेला तो गुणाकार, म्हणजे मागणीच्या मानाने इन्सुलिन पुरविण्याची बीटा पेशींची ताकद, त्या कोवळ्या वयातच कमी भरत होती. गर्भातली त्यांची वाढही मंदावलेली होती. शाळेच्या पहिलीत बसणाऱ्या, धावणाऱ्या, खेळणाऱ्या, कोणत्याही वैद्याला निरोगी वाटेल अशा मुलाच्या स्वादुपिंडात पुढच्या आयुष्याची तूट आधीच नोंदलेली होती. हा अभ्यास निरीक्षणाचा आहे, प्रयोगाचा नव्हे, त्यामुळे गर्भातील कुपोषण हेच एकमेव कारण होय असे त्यावरून सिद्ध होत नाही, आनुवंशिकतेचा वाटाही त्यात असणारच. तथापि १९९२ साली निकोलस हेल्स आणि डेव्हिड बार्कर यांनी जो तर्क मांडला होता, की अन्नाच्या टंचाईत गर्भ मेंदूचे रक्षण करतो आणि त्याची किंमत स्वादुपिंडासारख्या अवयवांना मोजावी लागते, त्याला पुण्याच्या खेड्यांनी मोठाच दुजोरा दिला.

कृश माणसाचा मधुमेह ही कल्पना आपल्या परंपरेला अपरिचित नव्हती. सुश्रुताने प्रमेहाचे सहज आणि अपथ्यजन्य असे दोन प्रकार सांगून, पहिल्यातला रोगी कृश व अल्पाहारी आणि दुसऱ्यातला स्थूल व बहुभोजी असतो, असे स्पष्ट वर्णिले आहे. आधुनिक वैद्यकाने मात्र या बाबतीत बरीच चलबिचल दाखविली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली कुपोषणाशी निगडित मधुमेहाला स्वतंत्र वर्ग दिला आणि १९९९ साली, पुरावा अपुरा म्हणून, तो काढून घेतला. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील संशोधकांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह अशा कृश रुग्णांची अतिशय काटेकोर तपासणी केली, आणि २०२२ साली दाखवून दिले की, त्यांचे शरीर इन्सुलिनला उत्तम दाद देते. त्यांच्यात उणीव आहे ती इन्सुलिनच्या स्रावाचीच. २०२५ च्या एप्रिलमध्ये बँकॉक येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने या विकाराला ‘प्रकार पाचवा’ म्हणून मान्यता दिली. प्रत्येक कृश मधुमेही या वर्गात मोडतो असे मात्र कोणी समजू नये. पुण्याच्या तरुणांचा प्रश्नही याहून व्यापक आहे.

या सर्वाचा नेरच्या त्या शेतकऱ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील, तर तो अगदी निकटचा आहे. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड या वर्गातील स्वस्त आणि सर्वत्र मिळणाऱ्या गोळ्या बीटा पेशींची पोटॅशियमची तीच द्वारे बळेच मिटवून इन्सुलिन बाहेर काढावयास लावतात. पेशींत ऐवज शिल्लक असेल तोवर त्या उत्तम काम देतात, परंतु तो संपत आला असता मात्रा वाढवून निष्पन्न काहीच होत नाही. अशा वेळी डॉक्टर इन्सुलिनची सुई सुचवितात, आणि आपल्याकडे ‘सुई लागली म्हणजे संपलं’ या भीतीने ती महिनोन्‌महिने टाळली जाते. वस्तुतः ज्याचे स्वादुपिंडच उणे आहे त्याला बाहेरून इन्सुलिन देणे हे शरीराची मुळातली तूट भरून काढणे होय. ज्या रुग्णाचे वजन कारण नसताना उतरत आहे आणि गोळ्या घेऊनही साखर हटत नाही, त्याने आपल्या डॉक्टरांना सी-पेप्टाइडच्या तपासणीविषयी अवश्य विचारावे. इन्सुलिन तयार होताना त्याच्या मूळ रेणूतून सुटणारा हा तुकडा इन्सुलिनच्या बरोबरीनेच रक्तात येतो, बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो, आणि म्हणून रुग्णाचे स्वतःचे स्वादुपिंड किती देत आहे याचा हिशेब त्यावरून लागतो. आणि कमी खा, गोड सोडा एवढाच उपदेश अशा कृश माणसाला करणे हे केवळ निरुपयोगी नव्हे, अपायकारक आहे. त्याला डाळ, अंडी, दूध यांसारखा सकस आहार वाढवूनच द्यावयास हवा.

सरकारी आरोग्य खात्याच्या तपासणीत मधुमेहाचा शोध तिसाव्या वर्षापासून घेतला जातो. पुण्याचे आकडे अठराव्या वर्षाचे आहेत, आणि त्यांचा उगम त्याहूनही मागे, आईच्या ताटापर्यंत जातो. म्हणूनच डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली त्याच कुटुंबांत पुढचे पाऊल टाकले: ज्या बालकांच्या जन्माची नोंद त्यांनी केली होती ती आता किशोरवयात आलेली असता, त्यांतील काहींना बी-१२ ची अल्प मात्रा, काहींना तिच्याबरोबर इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये आणि काहींना तुलनेसाठी निष्क्रिय गोळी रोज देण्यास आरंभ झाला. त्यांतील मुलींना पुढे झालेल्या बाळांचीही तपासणी त्यांनी हाती घेतली. त्या प्रयोगाची मांडणी, त्यातून आजवर काय दिसले आणि काय दिसावयाचे आहे, याचा विचार पुढील लेखांकात करू.

(क्रमशः)