नळाला पाणी कधी येणार? आईच्या कॅलेंडरवरची संभाव्यता

परवाच्या एपिसोडचं हे लेखी रूप, खास "आकडे ऐकताना निसटले" म्हणणाऱ्यांसाठी.

दहावीच्या संभाव्यतेच्या धड्यात नाणं, फासा, पत्ते असतात. आमच्या छत्रपती संभाजीनगरात त्याहून भारी उदाहरण घरच्या नळाला आहे. पैठणला जायकवाडी धरण, क्षमता शंभर टीएमसीच्या वर. आमच्या गल्लीत मात्र पाणी काही दिवसांआड.

पाणी आलं की आई कालनिर्णयवर गोल करते. मी मागचे 20 टप्पे मोजले. दोन पाण्यांमधलं अंतर 4 वेळा 5 दिवस, 8 वेळा 6, 5 वेळा 7 आणि 3 वेळा 8 दिवस.

या अंतराला एक्स म्हणू. पाईप फुटला, लाईट गेली, लाईनमन उशिरा आला, मागे काहीही घडो. एक्स त्यातून फक्त एक आकडा काढून देतो. हाच यादृच्छिक चल. नाव भारदस्त, काम एवढंच.

इथे बरेच जण घसरतात, मीही घसरलो होतो. शक्यता चार, म्हणून प्रत्येकीची संभाव्यता पाव? छे! फाशाच्या बाजू सारख्या असतात, आमचे टप्पे नसतात. 6 ची संभाव्यता 8/20, म्हणजे 0.40. 8 ची फक्त 0.15.

आता प्रत्येक आकड्याला त्याच्या संभाव्यतेने गुणा आणि बेरीज करा: 1 + 2.4 + 1.75 + 1.2 = 6.35. हे अपेक्षित मूल्य. 6.35 व्या दिवशी पाणी कधीच येत नाही, ती नुसती सरासरी आहे.

आमची टाकी 7 दिवस पुरते. सरासरी बघितली तर निवांत झोपावं. पण आईला भीती आठाची, आणि टँकर आदल्या दिवशी सांगावा लागतो.

समजा सहावा दिवस संपला, नळ कोरडाच. मग 5 आणि 6 दिवसांचे 12 टप्पे हिशोबातून बाद. उरले 8, त्यात आठ दिवसांचे 3. म्हणजे 3/8, 0.375. सकाळी कळलेल्या एका गोष्टीने 0.15 ची अडीचपट झाली! ही सशर्त संभाव्यता. (20 नोंदी तशा थोड्याच, आणि उन्हाळ्यातल्या नोंदी दिवाळीला लावू नका.)

मागच्या आठवड्यात आईने सहाव्या रात्री टँकर सांगितला, आणि सातव्या दिवशी पहाटे नळ आला. बाबा म्हणाले, "बघ, पैसे वाया." मला नाही पटलं. आठात पाच वेळा असं होणारच की! आईने वाद घातला नाही, घरातल्या सगळ्या चादरी धुवून काढल्या.