ऑपरेशन नको, तरी हलवायचे का?

डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना गुण देणारी श्रेणी म्हणजे ग्लासगो श्रेणी. टीस्डेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या या श्रेणीत ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे मेंदूला गंभीर मार. समजा, असा पेशंट जवळच्या रुग्णालयात पोचला. तिथे न्यूरोसर्जन नाही आणि सीटी स्कॅनमध्ये ऑपरेशन करून काढण्याजोगी गुठळीही नाही. त्याला मोठ्या केंद्रात हलवायचे का? ब्रिटनमध्ये अनेक वर्षे याचे उत्तर बहुधा नकारार्थी असे. शस्त्रक्रिया करायची नाही तर न्यूरोसर्जनची खाट कशाला अडवायची, असा हिशेब होता. मला तो हिशेब मुळातच चुकलेला वाटतो. डोक्याला मार बसला त्या क्षणी जे नुकसान झाले, ते कोणताच सर्जन भरून काढू शकत नाही. वाचवायचे असते ते पुढच्या तासांत आणि दिवसांत होणाऱ्या नुकसानापासून. कवटी ही बंद पेटी आहे. आत सूज वाढली की दाब वाढतो आणि मेंदूपर्यंत रक्त पोचेनासे होते. अमेरिकेतल्या ७१७ पेशंटांच्या नोंदींवरून चेस्नट आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवले, की वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण दुपटीच्या आसपास होते. कवटीतला दाब मोजत राहणे, रक्तदाब आणि श्वास नेमक्या मर्यादेत ठेवणे, वेळीच पुन्हा स्कॅन करणे हे रोज असेच पेशंट सांभाळणाऱ्या अतिदक्षता विभागाचे काम आहे.

याला आकड्यांचाही आधार आहे. इंग्लंड आणि वेल्समधल्या १९८९ ते २००३ या काळातल्या नोंदी पटेल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडल्या. डोक्याला गंभीर मार बसलेल्या ज्या पेशंटांवर फक्त न्यूरोसर्जरी नसलेल्या रुग्णालयांत उपचार झाले, त्यांच्यात मृतांचे वाचलेल्यांशी गुणोत्तर, वय आणि इजेची तीव्रता जमेस धरूनही, न्यूरोसर्जरी केंद्रांतल्या पेशंटांच्या २.१५ पट निघाले. यावर एक रास्त आक्षेप आहे: ज्यांची आशाच सोडली होती, त्यांनाच मागे ठेवले असेल तर? तसे काही प्रमाणात झाले असणारच, म्हणून सगळा फरक मी जागेच्या खाती मांडत नाही. पण उलट दिशेची चूकही असते. हलवलेले आणि थेट आलेले पेशंट सारखेच वाचतात, असे सांगणाऱ्या तुलनांमध्ये हलवण्याआधीच दगावलेले मोजले जात नाहीत. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००७ मध्ये ऑपरेशन हवे असो वा नसो, अशा सर्व गंभीर पेशंटांना हलवण्याच्या बाजूने कौल दिला, तो मला योग्य वाटतो.

दुसरा आक्षेप प्रवासाचा, आणि तो जास्त गंभीर आहे. बेशुद्ध पेशंटला एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेताना काय घडते, हे जेंटलमन आणि जेनेट यांनी १९८१ मध्ये ग्लासगोतच तपासले होते. श्वासमार्ग सुरक्षित केलेला नाही, रक्तदाब पडलेला, शरीरातली दुसरी इजा नजरेतून सुटलेली, हेच धोके होते. म्हणजे घात रस्त्यापेक्षा निघण्याआधीच्या घाईत आहे. श्वासनलिकेत नळी, रक्तदाब सावरलेला, समोरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणे झालेले, एवढे होईपर्यंत गाडी हलू नये; आणि एवढे झाले की, विशेषतः गुठळी वाढत असेल तर, एक मिनिटही थांबू नये. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ च्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. त्याच्या हाती ग्लासगोचे गुण, बाहुल्यांची स्थिती आणि रक्तदाब वेळेसह लिहिलेला कागद द्यायला खर्च काहीच येत नाही.