हातांची बोली आणि यंत्र

सातारा-सांगलीकडील जनावरांच्या बाजारात सौदा करण्याची एक जुनी रीत आहे. रहिमतपूरच्या पंचक्रोशीतील वृद्ध शेतकऱ्यांना ती चांगली ठाऊक आहे. बैलाची किंमत ठरविताना शेतकरी आणि व्यापारी एकमेकांचा हात हातात घेतात, त्यावर रुमाल टाकतात आणि तोंडाने एक अक्षरही न उच्चारता बोटांच्या खुणांनी भाव सांगतात. भोवती जमलेल्या माणसांना काहीच कळत नाही. ज्याच्या हातात हात आहे, त्याला मात्र सर्व काही कळते.

हातांनी बोलणे मनुष्याला नवे नाही. वर्गात गुरुजी ओठांवर बोट ठेवतात आणि मुले शांत होतात. चौकातील पोलीस तळहात दाखवितो आणि वाहने थांबतात. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात तर एका हाताच्या चोवीस आणि दोन्ही हातांच्या तेरा मुद्रा वर्णिलेल्या आहेत. परंतु यंत्राला ही बोली पुष्कळ काळ अवगत नव्हती. त्याला काही सांगावयाचे, तर बटण दाबावे लागे. हाताची खूण यंत्राला कशी कळू लागली, ही गोष्ट मोठी मनोरंजक आहे.

यंत्राला खूण कळण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला कॅमेऱ्याचा. कॅमेरा डोळ्याप्रमाणे हात पाहतो. पण अंधार झाला किंवा मध्ये रुमाल आला, की त्याचा उपाय चालत नाही. दुसरा मार्ग गतिसंवेदकाचा. हा लहानसा तुकडा मनगटावर किंवा बोटांवर बांधतात. तो हात पाहत नाही. हाताबरोबर स्वतःच हलतो आणि ती हालचाल मोजतो. त्याला रुमालाचा अडसर होत नाही.

पण न पाहता हालचाल कळते कशी? रहिमतपूरहून साताऱ्यास जाणाऱ्या एस. टी. गाडीत एखादा प्रवासी डोळे मिटून बसला आहे, अशी कल्पना करा. गाडी सुटताच तो मागे रेलतो, ब्रेक लागताच पुढे झुकतो आणि वळणावर एका बाजूस ढकलला जातो. डोळे न उघडताही गाडीने काय केले, हे त्याला कळते. संवेदकाच्या पोटात असाच एक प्रवासी बसविलेला असतो. तो म्हणजे सिलिकॉनचा अतिशय सूक्ष्म तुकडा. केसाहूनही बारीक अशा स्प्रिंगांवर तो तोललेला असतो. हात पुढे गेला, की हा तुकडा किंचित मागे राहतो. त्यामुळे त्याच्या आणि शेजारच्या पट्ट्यांच्या मधले अंतर बदलते, अंतराबरोबर विजेचे मोजमाप बदलते, आणि त्यावरून वेग किती झपाट्याने बदलला, हे समजते. हा झाला त्वरणमापक. हात स्थिर असतानाही त्याला पृथ्वीचे आकर्षण जाणवत असते. म्हणून खाली कोणते आणि वर कोणते, हे तो सांगू शकतो. मोबाइल आडवा धरताच त्यावरील चित्रही आडवे होते, ते याच गुणामुळे. हात किती झपाट्याने फिरला, हे मोजण्यासाठी त्याच्या जोडीला घूर्णनमापक असतो.

दोन्ही मापक प्रत्येकी तीन दिशांची नोंद करतात. म्हणजे एका क्षणी सहा आकडे मिळाले. सेकंदात 100 वेळा नोंद घेतली, तर 600 आकडे होतात. दोन सेकंदांच्या एका खुणेचे 1200 आकडे!

अशा उपकरणासाठी मोठी प्रयोगशाळाच हवी, असे मात्र नाही. मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले प्रणव मिस्त्री यांनी संगणकाचे जुने माऊस उघडले आणि त्यांतील रोलर घेऊन, त्यांना कप्प्या व स्प्रिंगा जोडून, हाताची हालचाल ओळखणारे एक साधन बनविले. त्याला अवघे दोन डॉलर खर्च आला, असे त्यांनी 2009 साली म्हैसूर येथील आपल्या भाषणात सांगितले होते.

आता खरी अडचण येते. आकडे मिळाले, तरी त्यांचा अर्थ यंत्राला कोठे ठाऊक आहे? हात माशी हाकण्यासाठी हलला की कोणाला बोलावण्यासाठी, हे आकडे आपण होऊन सांगत नाहीत. म्हणून यंत्राला शिकवावे लागते. अनेक माणसांकडून तीच खूण पुनःपुन्हा करवून घेतात आणि प्रत्येक वेळी तिचा अर्थ यंत्राला सांगतात. कोणी ती सावकाश करतो, कोणी झटकन करतो. कोणाचा हात लांब, कोणाचा आखूड. शिक्षक जसे शंभर मुलांच्या शंभर अक्षरांतील ‘अ’ ओळखतात, तसे यंत्रही हळूहळू या भेदांतील सारखेपणा ओळखू लागते. पण केवळ उजव्या हाताच्या तरुणांनी शिकविलेले यंत्र डावखुऱ्या मुलीपुढे किंवा थरथरत्या हाताच्या आजोबांपुढे गोंधळून जाते. ज्यांना शिकविताना वगळले, त्यांचे बोलणे यंत्राला कळत नाही.

ही गोष्ट खेळापुरती असती, तर तिचे एवढे महत्त्व नसते. परंतु ज्यांना ऐकू येत नाही अशा असंख्य लोकांची भाषाच हातांची आहे. त्यांच्यासाठी मुंबईत वांद्रे येथे 1983 साली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठी 2015 साली दिल्लीत स्वतंत्र केंद्र उभे राहिले. हातमोज्यात संवेदक बसवून या भाषेतील खुणा शब्दांत आणण्याचे प्रयत्न अनेक देशांत झाले आहेत. तथापि ही भाषा केवळ हातांत नसते. भुवया, नजर आणि मुद्रा यांनाही तिच्यात अर्थ असतो, आणि तिचे व्याकरणही स्वतंत्र आहे. भुवया उंचावल्या, की साध्या विधानाचा प्रश्न होतो. हातमोज्याला ती भुवई दिसत नाही. म्हणून असे यंत्र घडविताना ही भाषा बोलणाऱ्यांनाच गुरुस्थानी बसविणे अवश्य आहे.

बाजारातील रुमालाखाली बोटे बोलतात, कारण दोन्ही हातांना ती बोली आधीपासून येत असते. यंत्र हालचाल कितीही अचूक मोजो. तिचा अर्थ त्याला माणसाकडूनच शिकावा लागतो. आणि ज्याला हातांनी बोलणारा मित्र समजून घ्यावयाचा आहे, त्याने यंत्राची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. ती बोली त्यालाही शिकता येते.